अस्तराचा रंग

माझ्या मावशीने एकतीस वर्षं लक्ष्मी रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काढली. साडी घेऊन बाई आली की मावशी पदराचं टोक बोटांत धरायची, मागच्या फळीवरून टू बाय टूचे तीन-चार तागे काढायची आणि म्हणायची, "ताई, दारात चला, उजेडात बघू." आत ट्यूबलाइटखाली एकजीव वाटणारे दोन रंग दारात आले की वेगळे व्हायचे. एक निळ्याकडे झुकायचा, दुसरा तपकिरीकडे. शाळेच्या सुट्टीत मी दुकानात जाऊन बसायचे तेव्हा हे शेकडो वेळा पाहिलंय. स्वतःच्या चेहऱ्यासाठी रंग निवडतानाही हेच करायचं असतं, हे कळायला मात्र माझी तिशी उलटली.

2022च्या डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न होतं. आम्हा सगळ्या बहिणींचा आणि वहिनीचा मेकअप एकाच मुलीने केला. कार्यालयातल्या खोलीत, आरशाभोवतीच्या पिवळ्या दिव्यांत, मी बरी दिसत होते. महिन्याने अल्बम आला. चेहऱ्यावर करड्या-गुलाबी रंगाचा थर, गळा त्याहून वेगळा, पिवळट. शेजारी वहिनी उभी, तिचा चेहरा तजेलदार. काकूने पान उलटता उलटता सहज विचारलं, "तेव्हा आजारी होतीस का गं तू?" तो प्रश्न मला फार लागला. नंतर आठवून पाहिलं तर त्या मुलीने वहिनीला आणि मला एकाच बाटलीतलं फाउंडेशन लावलं होतं. "दोघी गव्हाळच आहात ना," असं ती म्हणालीही होती.

तिचं चुकलं असं म्हणताना आपल्याकडचे शब्दच अपुरे आहेत हेही मान्य करायला हवं. गोरी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. ही सगळी एकाच शिडीच्या पायऱ्यांची नावं आहेत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापासून पत्रिकेबरोबरच्या माहितीपर्यंत मुलीला याच शिडीवर उभं केलं जातं, आणि त्याची चीड मला आजही येते. पण त्यातला दुसरा तोटा मला फाउंडेशनमुळे कळला. ही शिडी रंग किती गडद एवढंच सांगते. त्या रंगाखाली कुठली झाक आहे, गुलाबी, पिवळी की हिरवट, त्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. वहिनी आणि मी शिडीच्या एकाच पायरीवर आहोत. झाक मात्र दोघींची अगदी वेगळी.

अल्बमनंतरच्या सहा महिन्यांत मी तीन फाउंडेशन घेतली. पहिलं 'वॉर्म' लिहिलेलं, म्हणजे उबदार, पिवळट झाकेचं, कारण मला वाटायचं भारतीय त्वचा म्हणजे वॉर्मच. सकाळी लावलं तेव्हा ठीक वाटलं, दुपारी ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात पाहिलं तर चेहरा नारिंगी. दुसरं 'न्यूट्रल' घेतलं, ते पुन्हा त्या लग्नातल्यासारखं गुलाबी-करडं. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने एक शेड उजळ घ्यायला लावलं, "मॅम, फेस ब्राइट दिसेल." त्याने मी पांढरी पडल्यासारखी दिसायला लागले. दीड-दोन हजारांची एकेक बाटली, आणि तिन्ही कपाटात पडून. महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे होते ते.

काउंटरवर मनगटाच्या शिरा बघायला सांगतात. निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, म्हणजे गुलाबी झाक, हिरव्या दिसल्या तर उबदार. माझ्या एका मनगटावर निळसर दिसायच्या, दुसऱ्यावर हिरवट, आणि कोपराकडे जाताना काहीतरी तिसरंच. या परीक्षेवर फार विसंबू नये असं माझं मत झालंय. शिरांतलं रक्त निळं किंवा हिरवं नसतंच, ते गडद लाल असतं. त्वचेतून परत येणाऱ्या उजेडामुळे शिरा तशा दिसतात. सोनं शोभतं की चांदी ही दुसरी परीक्षा. मला दोन्ही शोभतं, त्यामुळे तिचाही काही उपयोग झाला नाही. खरं तर दोन्हीकडून असं अर्धवट उत्तर येणं, हाच एक इशारा होता.

2023च्या दिवाळीत मावशीकडे गेले होते. मावशी निवृत्त झाली तेव्हा तिने दुकानातून एकच गोष्ट मागून आणली: कापडांच्या नमुन्यांची पिशवी. वीतभर लांबीचे दीड-दोनशे तुकडे, प्रत्येकाचं नाव तिला पाठ. मी अल्बमची गोष्ट सांगितली, तिन्ही बाटल्यांचे फोटो दाखवले. तिने मला गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून बसवलं, सकाळचे दहा वाजले असतील, ऊन अंगावर येत नव्हतं पण उजेड भरपूर होता. चेहरा साबणाने धुवायला लावला. केस मागे बांधले. माझ्या अंगावरच्या लाल कुर्त्याचा रंग हनुवटीवर पडतो म्हणून खांद्यांवरून तिची पांढरी ओढणी घातली. मग बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "तुझं अस्तर हिरवं आहे गं."

ब्लाउज शिवून घेणाऱ्या प्रत्येकीला हे कळेल. पातळ कापडाला अस्तर लावतो तेव्हा वरच्या कापडाचा रंग बदलतो. तोच अबोली ब्लाउजपीस, खाली पांढरं अस्तर लावलं तर खुलतो, खाली हिरवट लावलं तर मळका दिसतो. त्वचेचंही असंच आहे. वरचा गव्हाळपणा हे कापड. खाली जी झाक आहे ते अस्तर. उन्हाने काळवंडलो, थंडीत उजळलो तरी कापड तेवढं बदलतं, अस्तर तेच राहतं. इंग्रजीत याला अंडरटोन म्हणतात आणि हिरवट अंडरटोनला ऑलिव्ह. ऑलिव्ह आपल्याकडे फारसं पिकत नाही, त्यामुळे तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर काही उभं करत नव्हता. मावशीने स्वयंपाकघरातून मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र आणून माझ्या गालाला लावलं. वाळलेल्या तमालपत्राचा तो हिरवा-पिवळा-करडा रंग, अगदी पातळ करून दुधाळ चहात मिसळावा, तशी माझी त्वचा आहे.

मग तुकडे सुरू झाले. हनुवटीखाली एकेक तुकडा धरायचा आणि तुकड्याकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं, हा तिचा नियम. तुकडा सुंदर आहे की नाही हा प्रश्नच नाही. मी मोबाइलचा कॅमेरा समोर टेकवून पाहत होते. पांढराशुभ्र तुकडा लावला की डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून आली. मोतिया लावला, ती मागे सरली. अबोलीने माझ्या ओठांभोवतीचा भाग हिरवा-पिवळा केला, हे मला स्पष्ट दिसलं, मी दोनदा तपासलं. राणी रंगात नुसता राणी रंग दिसत होता, चेहरा दिसतच नव्हता. लिंबू आणि पोपटी नकोच. विटकरी लावला तेव्हा मावशीने तुकडा बाजूला न ठेवता मांडीवर ठेवला. मग आमसुली, डाळिंबी, वांगी, शेवाळी, मेंदी, तांब्याचा रंग, सगळे मांडीवर. शेवाळी तुकडा लावल्यावर त्वचेतला हिरवटपणा त्या कापडानेच उचलून घेतला आणि चेहरा स्वच्छ दिसायला लागला. मी आयुष्यभर शेवाळी रंग म्हाताऱ्या बायकांचा म्हणून टाळत आले होते.

मांडीवरचे सगळे तुकडे एकत्र पाहिल्यावर त्यांच्यातलं साम्य दिसलं. एकही रंग झगझगीत नव्हता. प्रत्येकात थोडा तपकिरी किंवा थोडा करडा मिसळलेला होता, जणू दोन-तीन धुण्यांनंतर मुरलेला. ते तुकडे मी मावशीकडून मागून घेतले आणि पर्समध्ये ठेवले. त्यानंतर मेकअपची कुठलीही वस्तू घ्यायला गेले की आधी तुकडा काढते, मग टेस्टर.

फाउंडेशनचं कोडं सुटायला थोडं वाचावं लागलं. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थोडं कॅरोटीन यांच्यामुळे येतो. बहुतेक फाउंडेशनमधला रंग मात्र चार भुकट्यांतून बनतो: पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळं, काळं आयर्न ऑक्साइड. लाल जास्त पडलं की शेड गुलाबी किंवा नारिंगी होते. हिरवट त्वचेवर गुलाबी थर बसला की काय होतं? लाल आणि हिरवा हे समोरासमोरचे रंग आहेत, एकमेकांत मिसळले की दोघंही मरतात आणि करडा उरतो. अल्बममधली राख तिथून आली होती. मला लाल कमी, आणि पिवळ्यात थोडा काळा असलेली शेड हवी होती. चित्रकलेच्या पेटीत पिवळ्यात काळा मिसळून पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे की त्यातून शेवाळी रंग येतो.

तशी शेड आपल्याकडच्या दुकानांत हमखास मिळेलच असं नाही. आता काही कंपन्या बाटलीवर 'ऑलिव्ह' लिहितात, पण तरी बाटलीवरच्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. बहुतेक ठिकाणी सी म्हणजे थंड, डब्ल्यू म्हणजे उबदार. मॅक या मेकअप कंपनीच्या एनसी शेड मात्र पिवळट-सोनेरी झाकेसाठी असतात आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी. अक्षर बघून घ्याल तर उलटं होईल. आणखी एक गल्लत मी पुष्कळ बायकांच्या बोलण्यात ऐकली: ऑलिव्ह म्हणजे मध्यम सावळा वर्ण. याचं एक कारण त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची त्वचेची वर्गवारी असावं. ती 1975 साली आली, आज तिच्यात सहा प्रकार आहेत आणि चौथ्या प्रकाराचं वर्णन अनेकदा 'ऑलिव्ह' असं करतात. पण ती वर्गवारी उन्हात त्वचा भाजते की काळवंडते हे पाहण्यासाठी आहे. हिरवट झाक गोऱ्या बाईतही असते, अगदी गडद वर्णाच्या बाईतही असते.

कपाटात पडलेलं ते 'वॉर्म' फाउंडेशन अखेर कामी आलं. फाउंडेशनमध्ये मिसळायचा निळा रंग मिळतो, छोट्या ट्यूबमध्ये. निळा नारिंगीला मारतो आणि पिवळ्याशी मिळून हिरवा होतो, म्हणजे एका थेंबात माझी दोन्ही कामं. आई पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा घालवायला शेवटच्या पाण्यात नीळ घालायची, तेच तत्त्व. (कपड्यांची नीळ चेहऱ्याला लावू नका. मेकअपसाठी बनवलेलाच रंग घ्या, आणि आधी कानामागे लावून एक दिवस वाट पाहा.)

एका रविवारी सकाळी स्टीलची ताटली पालथी घालून गॅलरीत बसले. फाउंडेशनचे दोन पंप दाबले. टूथपिकच्या टोकावर निळा घेतला, मोहरीएवढा, आणि घोळवला. आधी निळ्या रेघा फिरल्या, मग त्या विरल्या आणि नारिंगी गोळा अचानक शांत झाला. गाजर हलव्याचा रंग जाऊन भिजवलेल्या मुलतानी मातीचा आला. जबड्याच्या कडेला, अर्धी रेघ गालावर आणि अर्धी मानेवर अशी लावली. हातावर लावून काही कळत नाही, हाताचा रंग चेहऱ्याचा नसतो. रेघ दिसेनाशी झाली. पण लगेच खूश झाले नाही, कारण पहिली बाटली दुपारी नारिंगी झाली होती हे लक्षात होतं. त्वचेच्या तेलाशी मिळाल्यावर काही शेड गडद होतात. अर्धा तास कांदे-बटाटे निवडत बसले आणि पुन्हा पाहिलं. रेघ अजूनही दिसत नव्हती. त्या दिवशी मी गॅलरीत एकटीच होते, आणि मला रडू आलं. बाटलीभर पैसे वाचले म्हणून नाही. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या रंगाचं होतं.

मोहरीएवढाच, हे मात्र जपा. एकदा घाईत जिऱ्याएवढा घेतला तर चेहरा मातकट हिरवा झाला आणि सगळं धुवावं लागलं.

लिपस्टिकच्या बाबतीत मावशीच्या तुकड्यांनी बहुतेक काम केलं. आमसुली आणि डाळिंबी या दोन शेड मी आता डोळे मिटून घेते. भिजवलेल्या आमसुलाच्या पाण्याचा जो तपकिरी-जांभळा रंग असतो तो माझ्या ओठांवर अगदी माझाच वाटतो, रोज ऑफिसला तोच. लाल रंगाने खूप दमवलं. शेंदरीकडे झुकणाऱ्या लालने दात पिवळे आणि त्वचा जास्तच हिरवी दिसायची. हे का होतं याचं उत्तर कापडाच्याच धंद्यातून आलं आहे, ते कळल्यावर मावशीला फार आनंद झाला. पॅरिसमध्ये चित्रं विणलेले पडदे बनवणाऱ्या गोबलँ कारखान्यात शेवरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळ्या रंगात दम नाही अशा तक्रारी यायच्या. त्यांनी शोधलं तेव्हा दोष रंगाच्या गुणवत्तेत नव्हता, शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा फिका दिसत होता. 1839 साली त्यांनी हा नियम मांडला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. ओठांवर भडक लाल असेल तर भोवतालची त्वचा हिरव्याकडे ढकलली जाते. ज्यांची त्वचा मुळात हिरवट नाही त्यांना ते जाणवत नाही. मला जाणवतं. म्हणून लाल घ्यायचा तर डाळिंबाच्या दाण्याचा, आत थोडा जांभळट असलेला. फिकट गुलाबी आणि बिस्किटाच्या रंगाच्या 'न्यूड' शेड माझ्या ओठांवर खडूसारख्या दिसतात. न्यूड हवा असेल तर माझ्या ओठांपेक्षा एक छटा गडद, तपकिरी-गुलाबी.

ब्लशसाठी मला नमुना सापडला तो गुलकंदाच्या बरणीत. ताजा गुलाब नाही, साखरेत मुरून तपकिरी झालेला. पीच आणि कोरल शेड गालावर नारिंगी ठिपक्यासारख्या वेगळ्या बसायच्या, गुलकंदी रंग मात्र आतून आल्यासारखा दिसतो. डोळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तिथे हिरवट त्वचेला जवळजवळ सगळं चालतं: ब्राँझ, तांबं, शेवाळी, वांगी. काजळ काळंच. डोळ्यांखालच्या निळसर वर्तुळांवर नारिंगी करेक्टरचा पातळ हात आणि मगच कन्सीलर, नाहीतर कन्सीलर करडा पडतो. पांढरी सेटिंग पावडर मी सोडली, फ्लॅशच्या फोटोत ती चेहऱ्यावर पिठासारखी उठते. सनस्क्रीनही आता रंग असलेलंच वापरते, पांढऱ्यामुळे खालचं सगळं गणित बिघडत होतं.

दुकानात आता माझी एक रीत पडलीय. टेस्टर जबड्याला लावायचा, बिल न करता मॉलच्या बाहेर रस्त्यावर यायचं, मोबाइलच्या कॅमेऱ्यात नव्हे तर छोट्या आरशात बघायचं, एक चहा घ्यायचा, मग पुन्हा बघायचं. काउंटरवरच्या मुलींना पहिल्यांदा हे विचित्र वाटलं. त्यातली एक मागच्या वेळी स्वतःच माझ्याबरोबर दारापर्यंत आली, आणि जाताना म्हणाली, तिच्या आईला कुठलंच फाउंडेशन बसत नाही. मी तिला माझ्या पर्समधला शेवाळी तुकडा दाखवला.

यंदा चैत्रात मावशीकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचा हंडा भरून ठेवला होता, आणि ती साडी नेसून आरशासमोर उभी होती. ती माझ्यापेक्षा दोन पायऱ्या गडद आहे. तोंडाला पावडरखेरीज तिने कधी काही लावलं नाही, कारण तिच्या तरुणपणी सावळ्या बाईने लिपस्टिक लावली की लोक बोलायचे. माझ्या पाऊचमधून मी डाळिंबी शेड काढली, तिच्या हनुवटीखाली धरली, आणि मला तेव्हाच दिसलं: तिच्या गालाच्या कडेला, कानाजवळ, तीच तमालपत्राची झाक. माझ्यात ती तिच्याच घराण्यातून आली आहे. मी लिपस्टिकचं टोक तिच्या ओठाला लावणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"इथे नको," म्हणाली, "दारात चल."